केसाचं घड्याळ

तेलात पाणी असतं हे मला लग्नानंतर कळलं. दिसणारं पाणी नव्हे हो, ते कोणालाही कळतं. कढई तापली की तडतडून स्वतःच बोंब मारतं. मी म्हणते ते न दिसणारं. तेल चांगलं नितळ, पिवळंधमक दिसतंय आणि आत ओल दबा धरून बसलेली. आमच्या ह्यांचं कामच ते होतं, तेलातली ओल हुडकायची. माहेरी कळंबला मी हे सांगितलं तेव्हा माझी काकू म्हणाली, "असं बी काम असते का माय? आन् त्याचा पगार देतेत?"

देत होते, विजेच्या खात्यात. आमचा जिल्हा तेव्हा जागचा न हलता राज्यं बदलत होता. मी शाळेत होते तेव्हा मध्यप्रदेश, लग्नाची बोलणी झाली तेव्हा मुंबई राज्य, आणि संसार मांडून जरा बसते न बसते तोच महाराष्ट्र. राज्य कोणतंही असो, कंदिलाची काच मीच पुसत होते. मग खांब आले, तारा आल्या आणि ह्यांची बोरी अरबला बदली झाली. गावाबाहेर पत्र्याचं गोदाम आणि त्याला चिकटून आमचं क्वार्टर. गोदामात तेलाची पिंपं. हे तेल खायचं नाही, दिव्यातही घालायचं नाही. ते ट्रान्सफॉर्मरच्या पोटात भरायचं. आतल्या तारांच्या गुंडाळ्या त्या तेलात बुडालेल्या असतात, म्हणून त्या तापत नाहीत आणि एकमेकींच्या अंगावर जात नाहीत. पण तेलाला ओल लागली की खेळ खलास. वीज त्या ओलीतून वाट काढते आणि सगळं भडकतं.

खात्याची रीत सोपी होती. लोखंडी सळई तापवून तेलात बुडवायची. चर्र झालं तर पाणी आहे, नाही झालं तर नाही. ह्यांना ती रीत पटत नसे. सळईला ठसठशीत पाणी तेवढं कळतं, बारीक ओल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे पितळेचं एक गोल यंत्र होतं. समोरून घड्याळासारखी काच आणि एकच काटा, मागे ताणून बांधलेले केस. माणसाचे केस. हवा ओली झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि तसा काटा सरकतो. हे त्याला हायग्रोमीटर म्हणत, मी केसाचं घड्याळ म्हणायची.

किराणा दुकानातून त्यांनी बिस्किटांची मोठी काचेची बरणी मागून आणली होती. तिच्यात तेल भरायचं, वर थोडी जागा सोडायची, त्या जागेत घड्याळ टांगायचं, झाकणाच्या कडेला मेण फासायचं आणि थांबायचं. तेल ओलं असेल तर वरची हवा हळूहळू ओली होते. तेल कोरडं असेल तर तेच हवेतली ओल पिऊन टाकतं. काटा हलायचा थांबला की समजायचं, तेलानं आपलं खरंखोटं सांगून टाकलं. हे थांबणं त्यांना फार छान जमे. बरणीसमोर मांडी घालून बसले की बसले. मला थांबणं जन्मात जमलं नाही, भात शिजेस्तोवर मी झाकण चारदा उघडते.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. पहिलंच. आई कळंबहून येऊन राहिली होती आणि सकाळ झाली की मला पाटावर बसवून डोक्यावर तेल थापायची. मेथ्या घालून कढवलेलं खोबरेल. वेणी अशी निथळायची की उशीचे अभ्रे धुता धुता आईचेच हात दुखायचे, पण ऐकते कोण. विंचरताना निघालेलं गुंतवळ आम्ही टाकत नसू, गोळा करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचं. सुया-मणी विकणाऱ्या बाया येत, त्या गुंतवळ घेऊन सुया देत. बाकी कोणाच्या हाती आपला केस लागू द्यायचा नाही, कोण कुठे करणी करील सांगता येत नाही, असं आई बजावायची. सुयावाल्या बाईनं करणी केली तर चालत होती वाटतं.

वैशाखात मी बाळंत झाले. मुलगी झाली. ती रडलीच नाही. ह्याहून जास्त मला आजही सांगता येत नाही.

आई म्हणाली, डोकं धू, तेल घाल, उठून कामाला लाग. मी डोकं धुतलं. शिकेकाईनं खसखसून धुतलं, पुन्हापुन्हा धुतलं, पण तेल काही घातलं नाही. सुतक फिटलं तरी नाही. आई तेल थापायची तेव्हा ती पोटात फिरायची, तेलाचा हात लागला की ते आठवायचं आणि मला सहन होत नव्हतं. एकदा आई वाटी घेऊन मागे येऊन बसली तर मी ती वाटीच भिरकावली. आईनं वाटी उचलली. जमिनीवरचं तेल पुसलं आणि थोड्या दिवसांनी कळंबला निघून गेली.

शेजारच्या पाटलीणबाई मात्र बोलल्या. त्यांचं कापसाचं वावर मोठं आणि तोंडही तेवढंच मोठं. "जित्या नवऱ्याची बायको तू, असं कोरडं डोस्कं घेऊन कायले हिंडून राह्यली व माय? लोकं काय म्हनतीन?"

"लोकांना सांगा, ह्यांच्या घरचं तेल संपलं," मी म्हटलं. मागे गोदामात तेलाची पिंपंच्या पिंपं उभी. पाटलीणबाई नाक मुरडून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायला आल्या.

हे मात्र काही बोलले नाहीत. डोक्याचं नाही, तेलाचं नाही, आणि त्या दिवसाचं तर नाहीच. मला त्याचा फार राग यायचा. बरणीतल्या तेलाची विचारपूस करायला ह्या माणसाला आख्खा दिवस आहे आणि बायकोला एक शब्द विचारायला फुरसत नाही! मी भांडी आपटायची. हे मुकाट्यानं जेवून उठायचे.

आमच्याकडे दूध घालायला तांड्यावरची एक म्हातारी यायची. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून गावात सगळेच तिला याडी म्हणत. तिच्या लहानपणी तिचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालायचे. आता तांड्यावर थोडं शेत, एक म्हैस आणि एकुलता एक मुलगा. तो मुलगा ह्यांच्या हाताखाली लाइनमन होता. ट्रान्सफॉर्मर बसवून झाला की दांडा ओढून पहिल्यांदा वीज सोडायची ती त्यानं. याडीला त्याचा केवढा अभिमान! "माह्या पोट्ट्याच्या हातात इज हाये," असं सगळ्या गावाला सांगत फिरायची.

आषाढात बाजाराच्या जागेवर गावातला पहिला ट्रान्सफॉर्मर लागला. ह्यांनी तेल बरणीत ठेवून पाहिलं, काटा छान कोरड्यावर उभा. पोरानं दांडा ओढला. मी घरी चुलीपाशी होते, तिथवर तो आवाज आला. आत गुरगुर झाली, झाकण उडालं आणि कढत तेल उसळलं. पोरगा तोंड फिरवून पळाला म्हणून वाचला, पण उजव्या हाताचं कातडं कोपरापर्यंत सोलून निघालं.

यवतमाळहून साहेब आले, ह्यांना फैलावर घेऊन गेले. हे एकच सांगत राहिले, तेल कोरडं होतं, मी काटा पाहिला. मग दुसरा ट्रान्सफॉर्मर आला, तेलाची नवी पिंपं आली आणि वर हुकूम आला की पोळ्याच्या आत गावात उजेड पाहिजे. दांडा ओढायला माणूस तोच, आणि त्याच्या हाताची पट्टी आत्ता कुठे सुटत होती.

याडीचं दूध त्या दिवसांतही चुकलं नाही. एका सकाळी दूध ओतून ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, "बाई, तुह्या साहेबाले इचारजो. तेल कोरडं हाये का म्हनून. मले दुसरा पोट्टा नाई."

मी संध्याकाळी ह्यांना तेच विचारलं. हे म्हणाले, "मागच्या वेळीही काटा कोरडंच सांगत होता." एवढंच बोलले आणि ताटावरून उठले. तो पोरगा दांड्याशी उभा राहील आणि मी चुलीपाशी आवाजाची वाट पाहीन, हे मला दिसायला लागलं.

श्रावणात झड लागली. उन्हाची तिरीप नाही. एका दुपारी मी जेवणासाठी पापड काढले तर डब्यातले झाडून सगळे सादळलेले. बरणीत मिठाचं पाणी झालेलं. चूल विझली ती पेटवायला काडी ओढली तर तिचं गूल नुसतंच पिठासारखं गळून पडलं. माझं डोकं फिरलं. एका हातात पापड आणि एका हातात काडेपेटी घेऊन मी तणतणत गोदामात गेले.

"सगळं घर सादळलं, पापडाचं चामडं झालं, काडी पेटत नाही. तुम्ही बसा इथं काटे पाहत!"

हे घड्याळासमोरच बसले होते. त्या दिवशी ते बरणीत नव्हतं, भिंतीवर उघड्या हवेत टांगलेलं होतं. त्यांनी माझ्या हातातल्या लोंबणाऱ्या पापडाकडे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं. काटा कोरड्यावर. वैशाखात होता तिथेच. पापड माझ्या हातातून घेऊन त्यांनी घड्याळाशेजारी धरला आणि पाहत राहिले.

"हे खोटं बोलून राह्यलं," ते म्हणाले. एरवी घरातसुद्धा ऑफिसातलं बोलणारे हे, मनातून हलले की वऱ्हाडीत येत.

फडकं भिजवून त्यांनी घड्याळाभोवती गुंडाळलं. खरं म्हणजे काटा धावत शेवटच्या खुणेपर्यंत जायला हवा. तो जरासा कुरकुरला आणि थांबला. हे पिंपावर टेकले. मग बोलायला लागले, माझ्याकडे न पाहता.

वैशाखात घड्याळातला जुना केस तुटला होता. नवे कुठून आणायचे, म्हणून भिंतीतलं माझं गुंतवळ काढून त्यातले चांगले लांब केस निवडले, साबणानं धुतले आणि बसवले. "नवीन केस बसवला की ओल्या फडक्याची परीक्षा घ्यावी लागते. मी फडकं भिजवलं होतं. बादलीतून काढलं, पिळलं, आणि तेवढ्यात घरून बोलावणं आलं."

कोणतं बोलावणं ते मला विचारावं लागलं नाही.

"परत गोदामात आलो तेव्हा फडकं वाळून गेलतं. मले वाटलं, परीक्षा झाली."

मी दुसऱ्या पिंपावर बसले. त्या दिवसाबद्दल आमच्यात तोवर एक अक्षर निघालं नव्हतं, आणि आता निघालं ते हे. आईच्या मेथ्यांचं तेल त्या केसांत असं मुरलं होतं की ओलीला आत शिरायला जागाच नव्हती. आणि हा माणूस वाळलेलं फडकं हातात घेऊन इथं एकटाच उभा होता, मला ते माहीतही नव्हतं. मला रडू फुटलं. हेही रडले. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या पिंपांवर बसून दोघं रडलो, बाहेर झड आणि मध्ये तो सादळलेला पापड.

आता हवा होता बिनतेलाचा केस. गुंतवळातले राहिलेले केस ह्यांनी पेट्रोलमध्ये बुडवून पाहिले, ते काडीसारखे कडक झाले आणि गाठ मारतानाच तुटले. टांगेवाल्याच्या घोड्याची शेपटी पाहिली, तो केस फार जाड. गावात कोणाच्या डोक्याला तेल नाही म्हणून शोधायला गेलं तर बाया, पोरं, म्हातारे, सगळे चोपडलेले. तेलाशिवाय माणूस घराबाहेरच पडत नसे. मंदिरातल्या बैराग्याच्या डोक्याला तेल नव्हतं, पण त्या जटेत राख किती आणि केस किती हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काय पाहून राहिलात?"

"काही नाही."

"मग तोंडानं मागा ना!"

"कसं मागू?" हे म्हणाले. "कामासाठी मागावं असं नाही ते."

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. माझं डोकं कोरडं का आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्याला हात लावायचा नाही म्हणून हा माणूस गप्प राहिला होता. मी इतके दिवस उगाच भांडी आपटली. अंबाडा सोडला आणि माझे मीच केस उपटून त्यांच्या तळहातावर ठेवले. "त्या पोराला हात आहेत अजून," मी म्हटलं. "जा, बसवा."

ह्या वेळी ओलं फडकं मी पिळलं. काटा सरसर चढत गेला आणि शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. मग नवं तेल बरणीत भरलं, मेण लावलं, आणि ह्यांच्याशेजारी मीही मांडी घालून बसले. मी, भाताचं झाकण उघडणारी. काटा हलायला लागला आणि ओलीच्या बाजूला सरकत गेला. नव्या पिंपातलं तेलही ओलं होतं.

पोळा तोंडावर आलेला. दिवे लावायच्या सोहळ्यासाठी बाजारात मांडव घातलेला. पाहुणा म्हणून येणाऱ्या पुढाऱ्याची माणसं आली आणि सळई तापवून बुडवा म्हणाली. ह्यांनी बुडवली. चर्र झालं नाही.

"सळई तर चूप हाये साहेब. तुमचं घड्याळ एकटंच काहून कोकलून राह्यलं? आयकाचं कोनाचं?"

"घड्याळाचं," हे म्हणाले.

कधी आवाज वर न करणारा माणूस, पण त्या दिवशी दारातून मी पाहिलं आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. पोळ्याचं तोरण त्या वर्षीही टेंभे लावूनच झालं, मांडव पावसात भिजून आडवा झाला, आणि वर तक्रार गेली ती वेगळी. आम्ही तेल वाळवत होतो. ते यंत्रानं टिपकागदांच्या थप्प्यांमधून दाबून काढायचं, कागद ओल पितात. पण त्या हवेत कागदच सादळायचे, म्हणून मी ते चुलीवर तवा ठेवून एकेक शेकून देत होते. पाटलीणबाई येऊन बघून गेल्या. "आता कागदं भाजून खाता काय व बाई?" म्हणाल्या. मी म्हटलं, "या जेवायला."

बरणी पुन्हा भरली. काटा उतरत गेला, उतरत गेला आणि कोरड्यावर जाऊन उभा राहिला. ह्यांनी पुन्हा ओलं फडकं गुंडाळून घड्याळ तपासलं, पुन्हा बरणीत ठेवलं. तेच उत्तर.

दांडा ओढायच्या दिवशी मी घरी थांबले नाही. याडीही आली होती, माझ्या शेजारी उभी. पोरगा पुढे झाला. त्याचा उजवा हात अजून गुलाबी होता, नव्या कातडीचा. त्यानं दांडा धरला तेव्हा हे जाऊन त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि दांड्यावर त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. याडीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. दोघांनी दांडा ओढला.

आतून आवाज आला. सगळे मागे सरकले. पण तो आवाज वाढला नाही, एकसारखा घुमत राहिला. हे दोघं जागचे हलले नाहीत. दिवेलागणीला बाजारातल्या खांबावरचा बल्ब लागला तेव्हा गाव ओरडलं, पोरं नाचली. याडीनं बल्बाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मुलाचा हात उलटासुलटा करून पाहत होती.

दुसऱ्या सकाळी ती दूध घेऊन आली आणि दुसऱ्या हातात एक लहानसा लोटा. घरच्या तिळाचं तेल. मुलानं तिला घड्याळातल्या केसांचं सांगितलं होतं.

"बस खाली," ती म्हणाली. "तुह्या केसानं माह्या पोट्ट्याले वाचोलं. आता त्या केसायले उपाशी नको ठेवू."

मी पाट घेतला. बसणार तोच म्हटलं, "याडी, जरा थांब." आत गेले, कात्री घेतली, कानामागची एक बट कापली आणि गोदामात जाऊन ह्यांच्या हातावर ठेवली.

"जपून ठेवा. तुमचा केस तुटला तर आता माझ्याकडे यायचं नाही. माझ्या डोक्यावर कोरडा केस मिळायचा नाही."

ह्यांनी बट कोऱ्या कागदात गुंडाळली. मग म्हणाले, "पुरतील. जन्मभर पुरतील."

मी परत येऊन पाटावर बसले. "ओत याडी," म्हटलं. तेल गार होतं. ते कानामागून मानेवर उतरलं आणि मी पुसलं नाही.